थडगे इथे, मेलेले तिथे
(वंशसंहार आणि पर्यटन या विषयांवरील लेखसंग्रहाची प्रस्तावना)

सुरतेत कतारगाम दरवाज्याजवळ डचांचे जुने कब्रस्तान आहे. आत शिरले की आधी नजरेत भरते ते हेंड्रिक आड्रियान फान रेडे याचे थडगे. थडगे कसले, घुमटाचा महालच तो: खाली कमानींची ओवरी, वर सज्जा, त्यावर घुमट. फान रेडे हा डच ईस्ट इंडिया कंपनीचा बडा अधिकारी. मलबारच्या वनस्पतींवरचा ‘होर्टुस मलाबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ त्याच्याच देखरेखीखाली सिद्ध झाला. १६९१च्या डिसेंबरात मुंबईजवळ समुद्रात, जहाजावरच तो वारला आणि त्याला सुरतेत आणून पुरले. इंग्रजांच्या कब्रस्तानात ऑक्सिंडन बंधूंचे भव्य थडगे आधीच उभे होते. त्याहून आपले मोठे हवे, या ईर्ष्येतून हे बांधले गेले असे सांगतात. शेजारीच आर्मेनियन व्यापाऱ्यांच्या कबरींवरच्या अक्षरे कोरलेल्या शिळा आहेत.

इथे येणारा माणूस घुमट बघतो, फोटो काढतो, संरक्षित स्मारकाचा फलक वाचतो आणि निघतो. त्यात चूक काही नाही. मीही पहिल्या वेळी तेवढेच केले होते. पण एक साधा प्रश्न मनात आला की तो सोडत नाही: ही माणसे एवढ्या लांबून सुरतेला कशाला आली होती?

कापडासाठी आली होती. सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात डचांनी सुरतेत वखार घातली, त्यामागे हिशेब होता. मसाल्याच्या बेटांवरच्या लोकांना युरोपचा माल फारसा नको होता, त्यांना हिंदुस्थानचे सुती कापड हवे होते. गुजरातेत कापड घ्यायचे, ते पूर्वेला न्यायचे आणि त्याच्या बदल्यात लवंग, जायफळ, जायपत्री उचलायची. त्या काळी जायफळ जगात एकाच ठिकाणी पिके: आजच्या इंडोनेशियातल्या बांदा नावाच्या चिमुकल्या द्वीपसमूहावर. आपला माल कोणाला विकायचा हे बांदाचे लोक स्वतः ठरवत होते. कंपनीला ते चालेना. १६२१ मध्ये कंपनीचा गव्हर्नर जनरल यान पीटरस्झोन कून फौज घेऊन बेटांवर उतरला. चव्वेचाळीस गावप्रमुखांची मुंडकी उडवली गेली. उरलेल्यांपैकी काही कत्तलीत मेले, काही डोंगरात उपाशी मेले, काहींना गुलाम करून बाताव्हियाला नेले, काही होड्यांतून पळाले. बेटांची लोकसंख्या अंदाजे पंधरा हजार होती. जेमतेम हजारभर माणसे उरली असे इतिहासकार मानतात. मग कंपनीने त्या जमिनीचे तुकडे पाडून मळे केले आणि बाहेरून आणलेल्या गुलामांकडून जायफळ पिकवून घेतले. आज या घटनेला वंशसंहार म्हणणारे अभ्यासक थोडे नाहीत.

फान रेडे कूनच्या त्या स्वारीनंतर दीड दशकाने जन्मला. बांदाचे रक्त त्याच्या हातावर नव्हते, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण ज्या व्यापाराने त्याला घुमट मिळाला, त्याच व्यापाराने बांदाच्या लोकांची गावे पुसली. घुमट सुरतेत आहे, त्याच्या हिशेबाची दुसरी बाजू जवळजवळ सात हजार किलोमीटरवर आहे. आणि तिथेही गोष्ट संपत नाही. पळालेल्यांचे वंशज पूर्वेकडच्या काई बेटांवर, बांदा एली आणि बांदा एलात या गावांत राहतात. बांदाची मूळ भाषा आज बांदावर कोणी बोलत नाही. ती या दोन गावांत बोलली जाते. माणसांनी बेट गमावले, पण त्याचे नाव आणि बोली सोबत नेली.

या संग्रहाचे सारे लेख ज्या एका विचाराभोवती फिरतात, तो मला या कब्रस्तानात उमगला. स्मारक बहुधा अर्धेच असते. त्याचा दुसरा अर्धा भाग दुसऱ्या गावात, दुसऱ्या देशात, कधी दुसऱ्या भाषेत असतो. समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, इतिहास ही शास्त्रे एका संस्कृतीतून दुसरीत का जातात, याचे एक कारण हेच: तो दुसरा अर्धा भाग शोधायला. वंशसंहार आणि पर्यटन हे दोन विषय एका पुठ्ठ्यात बांधलेले पाहून वाचकाला प्रथम धक्का बसेल. एक विषय शोकाचा, दुसरा सुट्टीचा. पण वंशसंहार झाला की तिथे पुढे कधीतरी माणसे बघायला येतात. आणि बघायला आलेल्यांना काय दाखवायचे, काय झाकायचे, हे कोणीतरी ठरवते. दोन्ही विषय तिथे भेटतात.

*

आधी शब्द नीट समजून घेऊ, कारण मराठीत आपण ते सैलपणे वापरतो. हत्याकांड, नरसंहार, वंशसंहार, दंगल: वर्तमानपत्रात हे शब्द एकमेकांच्या जागी येतात. शास्त्रात तसे चालत नाही.

सुरतेच्या त्या आर्मेनियन कबरींपासूनच सुरुवात करता येईल. सुरतेला आलेले बरेच आर्मेनियन व्यापारी इराणच्या नव्या जुल्फाचे. जुनी जुल्फा ही त्यांची मूळ नगरी. १६०४-०५ च्या सुमारास शाह अब्बासने ती रिकामी करवली आणि माणसांना इस्फहानजवळ नेऊन वसवले. म्हणजे सुरतेच्या शिळांखाली झोपलेल्यांच्या घरातही उठवल्याची, हाकलल्याची आठवण होती. तीन शतकांनंतर, १९१५ पासून, उस्मानी साम्राज्यातल्या आर्मेनियन लोकांवर जे ओढवले त्यात दहा लाखांहून अधिक माणसे मेली असे बहुतेक इतिहासकार मानतात. त्या धोरणामागचा एक प्रमुख, तलात पाशा, १९२१ मध्ये बर्लिनच्या रस्त्यावर सोगोमोन तेहलिरियन या आर्मेनियन तरुणाच्या गोळीला बळी पडला. बर्लिनच्या न्यायालयाने तेहलिरियनला निर्दोष सोडले. त्या खटल्याने पोलंडमधला एक ज्यू विद्यार्थी अस्वस्थ झाला. एका माणसाला मारले तर खटला चालतो, आणि एक अख्खा समाज मारला तर त्या गुन्ह्याला नावसुद्धा नाही, हे त्याला सहन होईना. त्याचे नाव राफाएल लेमकिन.

गुन्ह्याला नाव त्यानेच दिले, १९४४ मध्ये, ग्रीक आणि लॅटिन धातू जोडून: जेनोसाइड. तोवर नाझींनी त्याचे जवळजवळ सगळे कुटुंब मारले होते. ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी वंशसंहारविरोधी करार संमत केला. भारताने त्याला १९५९ मध्ये मान्यता दिली. करारात चार प्रकारचे समूह धरले आहेत: राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय आणि धार्मिक. असा समूह संपूर्णपणे किंवा अंशतः नष्ट करण्याच्या हेतूने केलेली पाच कृत्ये वंशसंहारात मोडतात: माणसे मारणे, त्यांना गंभीर शारीरिक वा मानसिक इजा करणे, जगणेच अशक्य होईल अशा परिस्थितीत त्यांना लोटणे, त्यांची मुले जन्मू न देणे, आणि जन्मलेली मुले काढून दुसऱ्या समूहाला देणे. शेवटची दोन कृत्ये वाचकाने लक्षात ठेवावीत. त्यांत एकही गोळी झाडली जात नाही, तरी समाज संपतो.

कायदा हेतूवर बोट ठेवतो. समाजशास्त्राचा प्रश्न वेगळा आहे: असा हेतू समाजात रुजतो कसा? झिगमुंट बाउमन यांनी १९८९ मध्ये दाखवले की ज्यूंचा संहार हा रानटीपणाचा उद्रेक नव्हता. कचेऱ्या, वेळापत्रके, फायली आणि कामाची वाटणी या आधुनिक व्यवस्थेनेच तो शक्य केला. क्रिस्टोफर ब्राउनिंग यांनी हॅम्बुर्गच्या राखीव पोलिसांच्या एका तुकडीचा अभ्यास केला. मध्यमवयीन, घरदार असलेले ते पुरुष गोळ्या कशा झाडू लागले, हे त्यांनी शोधले. अलेक्झांडर हिंटन कंबोडियात गेले आणि तिथल्या लोकांच्या सूड, मान, कृतज्ञता या घरगुती कल्पना ख्मेर रूजने कशा वापरून घेतल्या ते पाहिले. रवांडात बेल्जियन राज्यकर्त्यांनी ओळखपत्रावर हुतू की तुत्सी ते छापायला सुरुवात केली. १९९४ च्या तुत्सींच्या संहाराच्या शंभर दिवसांत नाक्यानाक्यावर तेच कार्ड मागितले गेले. देश वेगळे, संस्कृती वेगळ्या; पण आधी मोजणी, मग यादी, मग अफवा, मग शेजाऱ्याचे मौन, हा क्रम पुन्हापुन्हा दिसतो. तुलना करायची ती हा क्रम ओळखता यावा म्हणून. कोणाचे दुःख मोठे हे ठरवायला तुलना कामाची नाही.

*

या अभ्यासात मराठी माणसाचा काय संबंध, असे कोणी विचारले तर मी इरावती कर्वे यांचे नाव घेतो. तलात पाशा जिथे पडला त्याच बर्लिनमध्ये, सहा-सात वर्षांनी, पुण्याहून एक तरुण मुलगी मानववंशशास्त्र शिकायला गेली. संस्था नवी होती, प्रमुख होते ऑयगेन फिशर. हे फिशर १९०८ मध्ये आजच्या नामिबियात जाऊन मिश्रवंशीय लोकांची मोजमापे घेऊन आले होते. त्याच भूमीवर १९०४ पासून जर्मन फौजांनी हेरेरो आणि नामा लोकांचा संहार चालवला होता. पुढे नाझी वंशविचाराला शास्त्राचा मुलामा चढवण्यात याच फिशर यांचा मोठा वाटा होता.

इरावतीबाईंना प्रबंधासाठी विषय मिळाला मानवी कवटीच्या असमानतेचा. गुरूंची अपेक्षा अशी, की गोऱ्या युरोपियनांच्या कवट्यांत डाव्या-उजव्या बाजूंचा फरक अधिक आढळावा आणि त्यातून त्यांच्या बुद्धीचे वेगळेपण सिद्ध व्हावे. बाईंनी मापे घेतली, आकडे मांडले आणि निष्कर्ष काढला: वंशानुसार असा फरक दिसत नाही. वसाहतीतून आलेली, पंचविशीही न गाठलेली एक परदेशी विद्यार्थिनी आपल्याच मार्गदर्शकाच्या सिद्धान्ताला आकड्यांनी नकार देते. ही घटना मराठी ज्ञानपरंपरेत आपण जेवढी सांगायला हवी तेवढी सांगत नाही. बाईंनी मोजमापे सोडली असे मात्र नव्हे. परतल्यावर महाराष्ट्रातल्या जातीजातींची मापे त्यांनी घेतली आणि त्या कामावर आज योग्य ती टीकाही होते. पण त्या प्रबंधातला ‘नाही’ पुसला जात नाही. बर्लिनमधली ती इमारत आज विद्यापीठाकडे आहे, तिथे राज्यशास्त्राचे विद्यार्थी बसतात. २०१४ मध्ये जवळच खोदकामात मानवी हाडे सापडली. तिथेही दुसरा अर्धा भाग जमिनीखाली होता.

बाईंच्या पुढच्या लेखनातले दोन टप्पे मला या संग्रहाच्या दोन खांबांसारखे वाटतात. पहिला ‘युगान्त’मधला. खांडववन जाळण्याची कथा आपण लहानपणापासून पराक्रमाची म्हणून ऐकतो. इरावतीबाईंनी ती थांबून वाचली. त्या वनात राहणारे कोण होते, निसटू पाहणाऱ्यालाही का मारले, आणि जळालेल्या जमिनीवर पुढे कोणाची नगरी उभी राहिली, हे प्रश्न त्यांनी विचारले. पवित्र ग्रंथाला प्रेमाने हे विचारता येते, हे त्यांनी मराठी वाचकाला दाखवले.

दुसरा टप्पा पंढरीच्या वाटेचा. ‘वाटचाल’ या लेखात त्या दिंडीबरोबर चालल्या, आणि चालताना दिंडीतल्या जातीजातींच्या वेगळ्या पंगती पाहून कष्टी झाल्या. तरीही जिथले लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, अशी या प्रदेशाची व्याख्या त्यांना त्याच वाटेवर सुचली. पर्यटनाचे समाजशास्त्र पाश्चात्त्य विद्यापीठांत आकाराला आले ते त्यानंतर. वारीत चालणारी अभ्यासक एकाच वेळी यात्रेकरू, पाहुणी आणि टिपणे घेणारी असते, हे मराठीत आधीच लिहिले गेले होते.

*

पर्यटनावरच्या सिद्धान्तांची ओळखही थोडक्यात करून देतो, कारण पुढचे लेख ती गृहीत धरतात. डीन मॅकॅनेल यांचे १९७६ चे पुस्तक सांगते की पर्यटक खरे, अस्सल काहीतरी शोधत येतो, आणि यजमान त्याच्यासाठी अस्सलतेचा देखावा उभा करतो. आपल्याकडच्या घराच्या भाषेत सांगायचे तर पाहुण्याला ओसरी दाखवायची आणि तेच माजघर आहे असे भासवायचे. व्हॅलीन स्मिथ यांनी १९७७ मध्ये यजमान आणि पाहुणे यांच्या नात्यावर मानववंशशास्त्रज्ञांचे लेख एकत्र केले. जॉन अरी यांनी १९९० मध्ये म्हटले की पर्यटकाची नजर प्रवासाला निघण्यापूर्वीच घडवलेली असते. चित्रे, पुस्तके, चित्रपट यांनी काय बघायचे ते आधीच ठरवलेले असते. नव्वदच्या दशकात मृत्यूच्या जागा बघायला जाण्याला स्वतंत्र नाव मिळाले. आपण त्याला शोकपर्यटन म्हणू.

शोकपर्यटनाचा पसारा मोठा आहे. आउशवित्झच्या संग्रहालयात २०१९ या एका वर्षात सुमारे २३ लाख माणसे गेली. त्या छावणीत मारले गेलेले सुमारे अकरा लाख. एका वर्षात येणारे तिथे मेलेल्यांच्या दुप्पट, हा आकडा मला कित्येक दिवस झोपू देत नव्हता. पुढे वाटू लागले की न येणे त्याहून वाईट. कारण न येण्याचे उदाहरणही समोर आहे. नामिबियातल्या ल्यूडरित्झ गावाजवळच्या शार्क बेटावर हेरेरो आणि नामा कैद्यांची छावणी होती. थंडीवाऱ्यात, उपासमारीत, सक्तीच्या कामात तिथे माणसे मेली. त्याच बेटावर पुढे कित्येक वर्षे पर्यटक समुद्राचा देखावा बघत तंबू ठोकून राहत होते. जर्मनीने त्या संहाराला वंशसंहार म्हणून मान्यता दिली ती २०२१ मध्ये. आणि बांदा? आज ती पाण्याखालचे प्रवाळ बघायला जाण्याची बेटे आहेत. तिकडे हॉलंडमधल्या होर्न गावात कूनचा पुतळा उभा आहे. लोकांनी आवाज उठवला तेव्हा २०१२ मध्ये त्याच्या चौथऱ्यावरचा मजकूर बदलून त्यात बांदाचा उल्लेख आला. पुतळा जागेवरच राहिला, पण त्याचा दुसरा अर्धा भाग निदान अक्षरांत आला.

*

आता सुरतेकडे परत येऊ, कारण हे सारे शिकून आपल्याच गावाकडे बघता आले नाही तर शिकण्याला अर्थ नाही.

मराठी माणसाला सुरत म्हटले की आधी १६६४ आठवते. त्या जानेवारीत शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले. शायिस्ताखानाने तीन वर्षे स्वराज्याचा मुलूख तुडवला होता, खजिना रिता झाला होता, आणि मोगलांचे सर्वांत श्रीमंत बंदर समोर होते. सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला. विरजी व्होरासारख्या धनाढ्यांच्या पेढ्या रिकाम्या झाल्या. १६७० मध्ये महाराज पुन्हा आले. हा वंशसंहार होता का? नव्हता. एखादा समाज संपवण्याचा हेतू इथे नाही. ही राज्याच्या खजिन्यासाठी केलेली, शत्रूच्या संपत्तीवरची मोहीम होती. कॅपुचिन धर्मगुरूच्या घराला हात लावला नाही, हे बर्निए या फ्रेंच प्रवाशाने नोंदवले आहे. पण इंग्रजांच्या कागदांत कैद्यांचे हात तोडल्याच्या नोंदीही आहेत, आणि शहराचा मोठा भाग जळाला, हेही खरे. स्वराज्याच्या बाजूने त्याच वर्षी सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. सुरतेच्या बाजूने त्याच वर्षी कोणाचे घर राखेतून पुन्हा उभारले गेले. आपला अभिमान खरा आहे. त्याला दुसरा अर्धा भाग दाखवल्याने तो लहान होत नाही.

सुरतेची पाहुण्यांशी ओळख त्याहून जुनी. हे हजचे बंदर. शहाजहानच्या काळात, १६४४ मध्ये, यात्रेकरूंसाठी इथे सराई बांधली गेली. ती मुगलीसरा आजही उभी आहे आणि शहराची महानगरपालिका तिच्यात बसते. ज्या वास्तूत परक्याला उतरायला जागा मिळे, तिथून आज शहराचा कारभार चालतो. यापेक्षा सुंदर ठेवा दुसऱ्या कुठल्या शहराकडे असेल असे मला वाटत नाही. याच शहरात १८४४ मध्ये मानवधर्म सभा स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत दुर्गाराम मेहताजींसोबत आपले व्याकरणकार दादोबा पांडुरंग होते. ते तेव्हा सुरतेत शिक्षक होते. माणसाची जात एकच, हा त्या सभेचा गाभा. मुंबईची परमहंस सभा त्यानंतरची.

आणि याच शहरात डिसेंबर १९९२ घडला. बाबरी मशीद पाडल्यानंतरच्या दिवसांत सुरतेत जवळजवळ दोनशे माणसे मारली गेली. मेलेल्यांत बहुसंख्य मुसलमान होते. स्त्रियांवर अत्याचार झाले, वस्त्या जळाल्या. वर्तमानपत्रांनी याला दंगल म्हटले. मराठीत कुस्त्यांचीही दंगल असते. त्या शब्दात दोन जोडीचे मल्ल असल्याचा भास दडलेला आहे. दक्षिण गुजरातेत १९६०च्या दशकापासून शेतमजुरांमध्ये राहून काम केलेले डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९९३ मध्ये लिहिताना पोग्रोम हा रशियन शब्द वापरला: एका बाजूने दुसऱ्यावर केलेला, घडवून आणलेला हल्ला. पॉल ब्रास यांनीही पुढे उत्तर भारताच्या अभ्यासातून हेच बजावले, की उत्स्फूर्त उद्रेक ही कल्पना हिंसा घडवणाऱ्यांना लपवते. कुठल्याही न्यायालयाने सुरतेच्या त्या दिवसांना वंशसंहार म्हटलेले नाही आणि मीही म्हणत नाही. पण याद्या, अफवा आणि शेजाऱ्याचे मौन तिथेही होते, म्हणून हा अभ्यास तिथे उपयोगी पडतो.

अभ्यासकांना एक गोष्ट विशेष दिसली. आशुतोष वार्ष्णेय यांनी दाखवले की सुरतेचे जुने शहर बरेचसे शांत राहिले. तिथे हिंदू आणि मुसलमान व्यापारी एकाच बाजाराच्या संघटनांत बसत होते. अफवा आली की फोन उचलून विचारता येत होते. हिंसा झाली ती बाहेरच्या औद्योगिक झोपडपट्ट्यांत, जिथे माणसे दुरून आली होती आणि एकमेकांना ओळखत नव्हती. ब्रेमन यांनी त्याच वस्त्यांतल्या कामाच्या तासांकडे, पिळवणुकीकडे, एकेका खोलीत कोंबलेल्या एकट्या पुरुषांकडे बोट दाखवले. दोन्ही उत्तरे मोलाची आहेत. त्यांतून एक चुकीचा निष्कर्ष मात्र काढू नये, की परगावचे मजूर म्हणजेच हिंसा. मेलेल्यांतही परगावचे मजूर होते, आणि जमाव आपोआप जमत नाही. सुरतेचे भाग्य असे की असे प्रश्न विचारणारी संस्था तिच्याच भूमीवर आहे: आय. पी. देसाई यांनी १९६९ मध्ये सुरू केलेली आणि पुढे सेंटर फॉर सोशल स्टडीज म्हणून ओळखली गेलेली. घनश्याम शहांसारख्या अभ्यासकांनी १९९४ च्या प्लेगपर्यंत शहराच्या जखमा नोंदवल्या.

*

या ‘परगावच्या मजुरां’त आम्हीही आहोत. नंदुरबारहून ताप्तीकाठच्या रेल्वेने खानदेशातली कित्येक कुटुंबे सुरतेला आली. उधना, लिंबायत, पांडेसरा इथे आजही अहिराणी ऐकू येते. माझे मामा उधन्यात लूमवर होते. शाळेच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे जाई. ते मला चौकातला किल्ला दाखवत, डुमसच्या किनाऱ्यावर नेत, लोचो खाऊ घालत, चांदणी पडव्याला घारी आणत. माझ्यासाठी ते उत्तम वाटाड्या होते. त्यांच्या वाटेत डिसेंबर १९९२ कधी आला नाही. मी विचारलेही नाही. मला विचारायचे ठाऊकच नव्हते.

या संग्रहाचे काम चालू असताना मी त्यांना प्रथमच डच कब्रस्तानात घेऊन गेलो. चाळीस वर्षे त्या शहरात राहूनही ते तिथे गेले नव्हते. घुमटाखाली उभे राहून त्यांनी फान रेडेची हकीगत शांतपणे ऐकली, मग विचारले, “हेबी कापडासाठीच आलेले का?” मी हो म्हणालो आणि बांदाचे सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. बाहेर येऊन रिक्षात बसल्यावर त्यांनी रिक्षावाल्याला उधन्याऐवजी वराछाकडे घ्यायला सांगितले. एका रस्त्याच्या तोंडाशी रिक्षा थांबवली. तिथे दुकाने होती, साड्यांचे गठ्ठे वाहणारे टेम्पो होते. फलक नव्हता. मामा म्हणाले, “इथून आम्ही परत फिरलो होतो. पुढं कोण ओरडत होतं ते कळत होतं.” मग ते सांगत गेले, आणि मी ऐकत गेलो.

दोन अर्धे भाग जुळल्याचे उदाहरणही आपल्याकडे आहे. कोल्हापूरजवळच्या वळिवडे इथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले होते. सोव्हिएत सत्तेने त्यांना घरातून उचलून सायबेरियात, कझाकस्तानात धाडले होते. जगले ते इराणमार्गे इथे पोचले. त्यांची मुले, नातवंडे आज वळिवड्याला येतात, आणि वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. त्या दुःखाचे दोन्ही अर्धे एकमेकांना सापडले, कारण दोन्हीकडच्या माणसांनी बोलणे सोडले नाही.

वाचकाने हे लेख वाचून पुढच्या सहलीला जावे, जरूर जावे. किल्ला बघावा, संग्रहालय बघावे, कबरींवरची अक्षरे वाचावीत. आणि मग सोबतच्या कोणा थोरल्याला विचारावे, की इथे अजून काय झाले होते. मी मामांना ते विचारायला तीस वर्षे लावली. तुम्ही तेवढी लावू नका.